सर्वांत हिरवी कुंडी

माझी बायको मंदाकिनी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायची. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. बडोद्यात आता बरीच झाली आहेत, त्यातलं कुठलंही धरा. मी मकरपुऱ्याला एका कारखान्यात टर्नर होतो. लग्न ठरलं तेव्हा ती बीएस्सीला होती आणि मी आयटीआय होऊन कामाला लागलो होतो. पुढे ती शिकत गेली आणि मी तिला स्कूटरवरून सोडत गेलो. लोक विचारायचे, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता तरी काय? बोलणं भरपूर व्हायचं. बहुतेक वांग्यांवर.

मंदा सात वर्षं एकाच कामामागे होती. खंभातकडे समुद्राजवळ जमीन खारी होत चालली आहे, तिथे भाजी धरत नाही. तिथल्याच एका बांधावर तिला वांग्याच्या जातीचं एक रानटी झाड सापडलं. त्याचा आणि आपल्या साध्या वांग्याचा संकर करून ती दर हंगामात बी धरायची, पेरायची, त्यातली तग धरणारी झाडं ठेवायची, बाकीची उपटायची. विद्यापीठात यासाठी जाळीचं घर होतं, पण त्यात मोडकी बाकं ठेवली होती. ती हलवायला परवानगी लागत होती आणि परवानगी कोणी द्यायची हे ठरलेलं नव्हतं. म्हणून सगळा प्रयोग आमच्या गच्चीवर. कुंड्यांना मोजून मिठाचं पाणी घालायचं. ते काम माझ्याकडे होतं.

मागच्या दिवाळीनंतर ती गेली. स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली, मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी संपलं. शेवटचं बी तिनं त्याच्या आदल्या आठवड्यात पेरलं होतं. तेराव्याला घरभर माणसं होती तेव्हा मी गच्चीवर गेलो, तर रोपं वर आली होती. मग मी पाणी घालत राहिलो. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

शेजारचे भास्करराव एकदा कठड्यावरून वाकून म्हणाले, “शिर्के, झाडांना मीठ घालताय?”

“हो.”

“मुलीला कळवलंय का पुण्याला? म्हणजे, तुम्ही असं करता हे?”

“तिला माहीत आहे.”

“मग ठीक,” असं म्हणून ते खाली गेले. तेव्हापासून त्यांच्या घरून माझ्यासाठी रोज डबा येऊ लागला. वरण जरा अळणी असायचं.

मंदाकडे शिवांगी नावाची मुलगी पीएचडी करत होती. मंदा गेल्यावर तिला गाईड उरला नाही, पण ती रविवारी गच्चीवर यायची, पानं मोजायची. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळ्या झाडांच्या पानांच्या कडा जळल्या. एक झाड मात्र पाऊस पडून गेल्यासारखं हिरवं होतं. शिवांगी त्याच्यासमोर गच्चीवर बसलीच.

“काका, हेच आहे.”

“हेच म्हणजे?”

“मॅडम सात वर्षं हेच शोधत होत्या.”

मग ती रडली. मी तिला पाणी दिलं, साधं. तिनं त्या झाडाच्या एका फुलावर मलमलीची पिशवी बांधली, म्हणजे दुसऱ्या झाडाचा पराग यायला नको. त्याला एकच वांगं धरलं. ते पिवळं होईपर्यंत झाडावर पिकलं पाहिजे, तरच बी तयार होणार. त्या बियाशिवाय पुढे काही नव्हतं. सात वर्षं त्या एका वांग्यात होती.

याच सुमारास विद्यापीठाला मंदाची आठवण झाली. तशी ती विसरली गेली नव्हती. तिची बढती नऊ वर्षं अडली होती, ती गेल्यावर तीन महिन्यांत झाली. विद्यापीठाला दर्जा देणारी समिती येणार होती आणि अहवालात वरच्या पदावरचे प्राध्यापक कमी पडत होते. ती आता नाही, हे कोणीतरी दाखवून दिलं असणार. पण अहवाल मागच्या वर्षाचा होता आणि मागच्या वर्षी ती होती, त्यामुळे नियमात बसलं.

विभागप्रमुख यशश्री मॅडम घरी आल्या. अंत्ययात्रेनंतर पहिल्यांदाच.

“काका, समिती येते त्या दिवशी मोठा कार्यक्रम आहे. प्राध्यापकांचा सत्कार आणि नव्या संशोधन उपक्रमांची घोषणा. त्यात मंदाकिनीबेनच्या नावानं खारभूमी केंद्र सुरू करतोय. त्यांच्या नावानं!”

“आणि जाळीचं घर?”

“रिकामं झालं ने! बाकं काढली. कुंड्या तेवढ्या द्या. त्या दिवशी टेबलावर मांडू, नंतर कायमच्या तिथेच. माळी आहे, पाणी आहे, सगळी व्यवस्था आहे.”

शिवांगी म्हणाली, “मॅडम, फळाला अजून आठवडा-दहा दिवस हवेत. आत्ता हलवायला नको.”

“अगं, कुंडीसकट हलवायचंय, फळ थोडंच तोडायचंय?”

शिवांगीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नेऊ द्या. तिच्या नावाचं होतंय.” माझ्या आयुष्यात कोणाच्या नावाचं काही झालं नव्हतं. मला ते मोठं वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी मंदानं आणलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो. मंचावर मोठा फलक होता. केंद्राचं नाव इंग्रजीत होतं आणि फलकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होतं. मंदाचं नाव शोधायला मला वेळ लागला. खाली, छापखान्याच्या नावाच्या वर, ‘प्रेरणा’ या शब्दापुढे होतं.

आधी यशांचं वाचन झालं. एका सरांना अशा परिषदेत पारितोषिक मिळालं होतं जी त्यांनी स्वतःच भरवली होती. एका मॅडमचे एका वर्षात एकतीस शोधनिबंध आले होते. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले की त्या मॅडमच्या घरी स्वयंपाकी आहे. मग सूत्रसंचालिका म्हणाली, “पर्यावरणाचं भान ठेवून आपण पाहुण्यांचं स्वागत पुष्पगुच्छाऐवजी रोप देऊन करणार आहोत,” आणि मुली एकामागून एक कुंड्या घेऊन मंचावर गेल्या. कुंड्यांना सोनेरी कागद गुंडाळून लाल फीत बांधली होती.

पहिली कुंडी पाहिली तेव्हा मला वाटलं, भास होतोय. मंदा गेल्यापासून मला ती भाजीबाजारातसुद्धा दिसते. पण दुसरीही आमचीच. तिसरीही. सगळी आमची वांगी होती, जळक्या कडांची.

काय झालं ते नंतर कळलं. नर्सरीच्या टेम्पोनं पाहुण्यांसाठी शोभेचे क्रोटन आणून पोर्चमध्ये उतरवले, तिथेच दाराजवळ आमच्या कुंड्याही उतरल्या होत्या. सजावटवाल्याला सांगितलं होतं, पोर्चमधली रोपं गुंडाळ. त्यानं दारापासून सुरुवात केली आणि पाहुण्यांपुरती झाल्यावर थांबला. उरलेली रोपं शिपायानं प्रदर्शनाच्या टेबलावर मांडली.

मी वळून टेबलाकडे पाहिलं. ‘क्षार सहन करणारी वांगी, सातवी पिढी’ अशी पाटी होती आणि तिच्यामागे लाल-पिवळ्या ठिपक्यांचे क्रोटन ओळीनं उभे होते.

यशश्री मॅडमनाही त्याच क्षणी दिसलं. त्या वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख आहेत, क्रोटन आणि वांगं यातला फरक त्यांना कोणी सांगायला नको. पण समितीचे अध्यक्ष टेबलापाशी पोचले होते. ते वाणिज्य शाखेचे होते. त्यांनी एका पानावरून बोट फिरवलं.

“वा! काय चकाकी आहे.”

“हो सर,” मॅडम म्हणाल्या. “क्षारांचा परिणाम.”

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मंदाचा सन्मान मी स्वीकारायचा होता. मला शाल दिली, नारळ दिला आणि एक कुंडी दिली. तीन नंबरची. तिला मी रोज पाणी घालत होतो. मॅडम फोटोसाठी माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

मी हळू म्हटलं, “मॅडम, ही तर आमचीच झाडं.”

“काका, पाया पडते तुमच्या. समिती जाऊ द्या. हसा, फोटो काढतायत.”

मी हसलो. तो फोटो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे.

हिरवं झाड कुठे गेलं ते मी पाहिलं होतं. कुंड्या वाटताना कोणीतरी विचार केला होता आणि सर्वांत हिरवी कुंडी प्रमुख पाहुण्यांना दिली होती. मंदाला जे निवडायला सात वर्षं लागली ते मंचामागच्या मुलीनं एका मिनिटात निवडलं.

समिती जेवायला गेल्यावर शिवांगी आणि मी खुर्च्यांखाली वाकून पाहू लागलो. पाहुणे रोप घरी नेत नाहीत. ते टाळ्या वाजवताना पायाशी ठेवतात आणि तिथेच विसरतात. आमच्या सगळ्या कुंड्या मिळाल्या, एक सोडून. प्रमुख पाहुण्यांच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं होतं की साहेबांना जे मिळेल ते गाडीत ठेवायचं.

“चला काका,” शिवांगी म्हणाली. “वांगं काढून टाकलं नाही म्हणजे मिळवली.”

प्रमुख पाहुणे म्हणजे विक्रमसिंह. गोरव्याला त्यांचा पंपाचे सुटे भाग करायचा कारखाना आहे. आम्ही स्कूटरवरून पोचलो तेव्हा ते ऑफिसात कोट काढून बसले होते.

“आवो, आवो! बेसो. तुम्ही ते सकाळचे. बाईंचे मिस्टर. फार वाईट झालं हो.” त्यांनी चहा मागवला. “काय काम काढलंत?”

शिवांगी म्हणाली, “सर, तुम्हाला दिलेली कुंडी चुकून दिली गेली. ती आमच्या प्रयोगाची आहे.”

“चुकून?” ते मोठ्यानं हसले. “अरे बेन, मला आजवर जे मिळालं ते सगळं चुकूनच. पण कुंडी आता माझ्याकडे नाही.”

“मग?”

“दिली. दुपारी आमच्या मकरपुऱ्याच्या युनिटमध्ये एक कामगार निवृत्त होत होता. संपतराव. त्याला दिली. शालही सकाळचीच घातली. मी तसंच करतो. सकाळचं दुपारी द्यायचं. महिन्याला मला दहा-बारा रोपं येतात, ठेवू कुठे? दर वेळी मी खिडकीतून खाली टाकली असती तर इथे जंगल झालं असतं.” मग आमचे चेहरे पाहून ते जरा गंभीर झाले. “काही महत्त्वाचं होतं का त्यात?”

“वांगं होतं,” मी म्हटलं.

“ते मी पाहिलं. म्हणूनच त्याला दिलं. मुलं आहेत घरात, भाजी होईल म्हटलं.”

शिवांगीनं चहा तसाच ठेवला आणि उठली.

संपतराव पवार मकरपुऱ्याला कामगार वसाहतीत राहतात. आम्ही गेलो तेव्हा कंपनीची बस त्यांना नुकतीच सोडून गेली होती. शेवटचा दिवस म्हणून बस नाक्यावर न थांबता गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती, आणि गल्लीत अजून तीच चर्चा चालू होती. दारात दहा-पंधरा माणसं उभी होती. मधोमध स्टुलावर सोनेरी कागदातली आमची कुंडी होती. वांगं झाडावरच होतं. एका बाजूनं पिवळट व्हायला लागलं होतं.

मी मकरपुऱ्यातच काम केलं म्हटल्यावर संपतरावांनी आत बसवलं. अंगावर शाल तशीच होती, मे महिन्यात.

“मालकांनी स्वतः हातात दिलं,” ते म्हणाले. “आत्तापर्यंत ज्यांना दिलं त्यांना नुसत्या पानांचं झाड मिळालं. मला फळाचं. विचार करून दिलंय.”

त्यांच्या पत्नी रखमाबाई पेढे घेऊन आल्या. “विचार काय करायचाय त्यात? एवढंसं एक वांगं. उद्या भरीत केलं तर बोटाला लागेल तेवढं होईल.”

“भरीत?” शिवांगी ओरडलीच.

“मग काय, पूजा करू? आमचे हे कालपासून म्हणतायत, मला काय देतील, मला काय देतील. मी म्हटलं, घड्याळ देतील, तुम्ही वेळेवर कधी आलात म्हणून.”

माणसं हसली. संपतरावही हसले. मला मी निवृत्त झालो तो दिवस आठवला. मला घड्याळच दिलं होतं. ते घेऊन मी बसमध्ये मागच्या सीटवर बसलो होतो आणि कोणी काही बोललं नव्हतं. घरी मंदानं ते लगेच भिंतीवर लावलं, आधीचं चांगलं चालणारं घड्याळ काढून.

शिवांगी संपतरावांना सांगायला लागली, “काका, हे झाड खरं म्हणजे चुकून...”

मी तिला थांबवलं. “संपतराव, हे झाड माझ्या बायकोनं लावलंय. विद्यापीठात होती. आता नाही.”

रखमाबाईंनी पेढ्यांचं ताट खाली ठेवलं.

“आज सकाळी विद्यापीठानं ते प्रमुख पाहुण्यांना दिलं, आणि त्यांनी ते तुम्हाला दिलं.”

संपतरावांनी हे मनात एकदा उलटंपालटं करून पाहिलं. “म्हणजे प्रमुख पाहुण्यांचा मान होता तो?”

“हो.”

“आणि मालकांनी तो मला दिला?”

“तुम्हालाच.”

ते दारातल्या माणसांकडे वळले. “ऐकलंत ना रे?”

मी म्हटलं, “झाड तुमचंच. फक्त ते वांगं पिवळं होईपर्यंत तोडू नका. तिला त्याचं बी हवं होतं. आणि मी रोज येऊन पाणी घालीन, चालेल का?”

“पाणी काय, आम्ही घालू की,” रखमाबाई म्हणाल्या.

“मिठाचं घालावं लागतं, वहिनी.”

“मिठाचं?” त्यांनी शिवांगीकडे पाहिलं, हा माणूस ठीक आहे ना, अशा नजरेनं. शिवांगीनं मान हलवली. “मरेल की हो ते.”

“इतके महिने मेलं नाही.”

त्या आत गेल्या आणि मिठाची बरणी घेऊन आल्या. “किती घालू ते दाखवा. आणि रोज या. पण जेवायच्या वेळेला या, नुसतं पाणी घालून जायचं नाही.”

बाहेर आल्यावर शिवांगी चिडली होती. “काका, तुम्ही झाड सोडलंत. त्यांनी उद्या खरंच भरीत केलं तर?”

“तर केलं.”

“तर माझी पीएचडी गेली. मॅडमचं सगळं गेलं.”

“शिवांगी, त्या माणसाकडून ते उचलून आणलं असतं तर मला घरी जाऊन काय तोंड दाखवायचं होतं?”

“कोणाला? घरी आहे कोण?”

ती बोलून गेली. मी स्कूटर चालू केली. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण तिचं बरोबर होतं. दोन्ही बाबतीत.

मी रोज जात होतो. पहिल्या दिवशी वांगं जागेवर होतं. दुसऱ्या दिवशी त्याला काजळाचं बोट लावलेलं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘काय सुंदर झाड’ म्हणतो, नजर लागेल, असं रखमाबाईंचं म्हणणं. भरताचा विषय परत निघाला नाही.

दरम्यान विद्यापीठाला वरचा दर्जा मिळाला. समितीनं अहवालात ‘आकर्षक पर्णसंभार’ असा खास उल्लेख केला होता. यशश्री मॅडमनी फोन केला.

“काका, एक झाड मकरपुऱ्याला कामगाराच्या घरी आहे म्हणे?”

“आहे.”

“फार छान! तो आपला नवा उपक्रम आहे. ‘प्रयोगशाळेतून अंगणात’. मी काल मांडला, मंजूरही झाला. त्या भाईंचा एक फोटो लागेल. शक्यतो कामाच्या कपड्यांत.”

“ते निवृत्त झालेत, मॅडम.”

“पण कपडे असतील ने?”

मी संपतरावांना विचारलं. ते म्हणाले, काढायचा तर शालीत काढा, नाहीतर नको. तसा काढला. बाकीच्या कुंड्यांचं मॅडमनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की त्या मी गच्चीवर परत नेल्या आहेत, आणि जाळीच्या घरात क्रोटन चांगले वाढतील. त्या म्हणाल्या, “ते माळ्याला सोपे जातात.” त्या मनानं वाईट नाहीत. शिवांगीच्या गाईड त्या झाल्या, आणि प्रबंधात झाडाची जागा म्हणून संपतरावांच्या घराचा पत्ता घालायला त्यांनी सही दिली.

मग वांगं पिवळंधमक झालं आणि मऊ पडलं. रखमाबाईंनी अंगणात सतरंजी घातली. संपतरावांनी देठ कापला. शिवांगीनं वांगं फोडलं, गर पातेल्यात पाण्यात कुस्करला आणि सगळे पातेल्याभोवती वाकलो. पोचट बी तरंगतं, भरलेलं बुडतं, एवढं मला मंदानं शिकवलं होतं.

आधी सगळा गर तरंगला. शिवांगीचा श्वास मला ऐकू येत होता. तिनं बोटानं गर बाजूला केला. एक बी खाली गेलं. मग दोन-चार. मग पातेल्याचा तळ दिसेनासा झाला.

“आलं!” शिवांगी म्हणाली. “काका, आलं!”

“अर्धं आमचं हं,” रखमाबाई म्हणाल्या. “झाड आमचं आहे.”

“अर्धं तुमचं,” मी म्हटलं.

“आणि या वांग्याला नाव काय द्यायचं?” संपतरावांनी विचारलं. त्यांच्या मनात एक नाव तयार होतं, हे दिसतच होतं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंदा असती तर तिनं पातेल्यात डोकावून चष्मा वर केला असता आणि म्हणाली असती, घाई काय आहे, आधी उगवू दे. मला तिच्यासारखं बोलायला जमत नाही. मी म्हटलं, “पाणी ओता हळूच, बी वाळत घालायचंय,” आणि पातेल्याची एक कड धरली.